कागदावर कोण नाही, ते आधी बघा!

पहिला प्लॉट, पहिलं घर घेताना सगळे आधी भाव विचारतात. उमरग्यातला एक एजंट सांगतोय, भावाच्या आधी काय विचारायचं.

दिवाळीच्या आठवड्यात माझ्या ऑफिसात बसायला खुर्ची मिळत नाही. पुण्याहून, हैदराबादहून पोरं गावाकडं आलेली असतात. कुणी चाकणच्या कंपनीत असतं, कुणी हिंजवडीत. वडिलांना मोटारसायकलवर मागं बसवून हायवेच्या कडेनं प्लॉट बघत बघत ती माझ्याकडं येतात. नीट टेकायच्या आधीच पहिला प्रश्न येतो, ‘‘काय रेट चाललाय ओ?’’

मी रेट सांगतो. ते माझं कामच आहे. लोक मला तोंडावर एजंट म्हणतात आणि माघारी दलाल. दोन्ही खरंच आहे. सौदा झाला तर मला घेणाऱ्याकडून आणि विकणाऱ्याकडून कमिशन मिळतं. झाला नाही तर चहाचा खर्चही माझाच. भाव जितका जास्त, तितकं माझं कमिशन जास्त. म्हणजे तुम्ही घाईनं घ्यावं आणि महाग घ्यावं, यात माझा फायदा आहे. माझा सल्ला ऐकताना एवढं डोक्यात ठेवा, मग पुढचं वाचा.

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. फसलेल्या सौद्याचे कागद काढून बघितले, की बहुतेक वेळा त्यावर लिहिलेलं सगळं बरोबरच असतं. घोळ असतो तो न लिहिलेल्याचा. कुणाचं तरी नाव तिथं असायला हवं होतं आणि ते नसतं. कधी ती बहीण असते, कधी बँक, कधी कूळ, कधी इंजिनिअर. म्हणून मी आता प्रत्येक कागद हातात घेतला, की एकच प्रश्न विचारतो. यावर कोण नाही?

हा प्रश्न मला फुकटात नाही सुचला.

‘मला इचारायचं तरी!’

धंद्यात नवीन होतो तेव्हाची गोष्ट. जुन्या गावातलं एक घर विकायला आलं. वडील वारलेले, तीन भाऊ, तिघांचीही नावं कागदावर लागलेली. घेणारा एसटीत चालक. आयुष्यभर गाडी चालवून पीएफमधून पैसे काढले होते. तिन्ही भावांनी सह्या केल्या, पेढे वाटले, मी दोन्हीकडून कमिशन घेतलं. नव्या मालकानं जुनं घर पाडून पाया खोदला.

वर्षभरानं कोर्टाची नोटीस आली. तिन्ही भावांना एक बहीण होती, बसवकल्याणकडं दिलेली. तिला घर विकल्याचं एका लग्नात कळलं. ती माझ्या ऑफिसातही आली. भांडली नाही. पाणी प्यायली आणि एवढंच म्हणाली, ‘‘घर इकलं ते इकलं. पण मला इचारायचं तरी!’’

शेवटी तडजोड झाली. भावांनी थोडे दिले, बाकीचे त्या चालकानं दिले. त्याचं घर दोन पावसाळे नुसत्या पायावर उभं होतं. मी माझं कमिशन परत केलं, पण त्याची दोन वर्षं कुणी परत केली नाहीत.

तेव्हा मला वाटायचं, बहिणीला काय विचारायचं, हुंडा दिला, लग्न करून दिलं, विषय संपला. कायद्याला तसं वाटत नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि ते मृत्युपत्र न करता वारले असतील, तर मुलगा, मुलगी, त्यांची बायको आणि आई हे त्या कायद्यानं बरोबरीचे वारस आहेत. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीनं. त्यावेळी वडील हयात नसले तरी हा हक्क मिळतो का, यावर बरेच वाद झाले. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात ‘मिळतो’ असं सांगून तो वाद संपवला. मुस्लिम कुटुंबात वाटणीचं गणित वेगळं आहे, पण मुलीचा हिस्सा तिथंही ठरलेला आहेच.

बहिणीला हिस्सा नको असेल तर तिनं हक्कसोडपत्र करून द्यायचं. तेही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलं. ‘ताई काय म्हणत नाही ओ, ताईचं आमच्यावर लई जीव आहे’, हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. जीव असतोच. म्हणून तर विचारायचं.

तेव्हा पहिलं काम. घर वारसाहक्काचं असेल तर विकणाऱ्याला त्याच्या घरातल्या सगळ्यांची नावं विचारा. आई, बहिणी, वारलेल्या भावाची बायको-पोरं. मग ती नावं कागदाशी ताडून बघा. माणसं जास्त आणि सह्या कमी असतील तर विसार देऊ नका.

बाँडवरचा एक गुंठा

हायवेच्या कडेला फिरलात तर दिसेल. काळ्या रानात चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब, एक फ्लेक्स. ‘फक्त काही प्लॉट शिल्लक.’ भाव बाजारापेक्षा बराच कमी. विचारलं तर सांगतात, ‘‘रजिस्ट्री सध्या बंद आहे. बाँडवर करून देतो, नोटरी करून. सुरू झाली की लगेच खरेदीखत.’’

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एकरानं घेतलेली जमीन गुंठ्यानं विकली की पैसा कसा होतो, याचं गणित तुम्हीच करा. पण शेतजमिनीचे असे बारीक तुकडे पाडून विकायला बंदी घालणारा कायदा १९४७ चा आहे. त्यात वेळोवेळी सवलती आल्या, प्रमाणभूत क्षेत्र कमी झालं, गुंठेवारी नियमित करायच्या योजना आल्या. तरी मूळ गोष्ट बदललेली नाही. ‘रजिस्ट्री बंद आहे’ याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो, की त्या प्लॉटचा लेआऊट मंजूर नाही, म्हणून सरकार तो प्लॉट मानतच नाही.

आणि बाँडचं काय? शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर दस्त नोंदवावाच लागतो. नोंदणी कायदा १९०८ चा आहे, म्हणजे तुमच्या पणजोबांच्याही काळातला. नोटरी फक्त एवढं सांगतो, की ही सही याच माणसानं माझ्यासमोर केली. जमीन कुणाची आहे हे तो सांगत नाही. नुसता करारनामा आणि मुखत्यारपत्र यावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितलंय.

असा प्लॉट घेतलात तर बँक कर्ज देत नाही आणि बांधकाम परवाना मिळत नाही. सातबारावर नाव मूळ शेतकऱ्याचंच राहतं. त्यानं तीच जागा उद्या दुसऱ्याला विकली किंवा त्यावर पीककर्ज काढलं, तर तुम्ही बाँड घेऊन फिरत बसता. या कागदावर कोण नाही? सरकारच नाही.

प्लॉट घ्यायचाच असेल तर मंजूर लेआऊटचा नकाशा मागा. त्यावर नगररचना विभागाचा किंवा नगरपरिषदेचा शिक्का आणि मंजुरीचा क्रमांक असतो. अकृषिक आदेश किंवा सनद बघा. नकाशात रस्ते आणि खुली जागा वेगळ्या दाखवलेल्या असतात. तुम्हाला दाखवलेला प्लॉट त्या खुल्या जागेत तर नाही ना, हे जागेवर उभं राहून, नकाशा उलटासुलटा करून बघा. हायवेला लागून असेल तर रस्त्याच्या मध्यापासूनची इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा कुठून जाते तेही विचारा. रोड-टच म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि पुढच्या भागात बांधताच येऊ नये, असं होतं.

सातबारा मालकापासून नको, तळापासून वाचा

तुम्ही पोरं शिकलेली आहात, मोबाईलवर सगळं काढता. मग सातबारा का नाही काढत? डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो. विकणाऱ्यानं दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. सौद्याच्या दिवशी स्वतः काढा.

बहुतेक जण मालकाचं नाव बघतात आणि घडी घालून ठेवतात. मी ‘इतर हक्क’ या रकान्यापासून सुरुवात करतो. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथं असतो. कुळाची नोंद तिथं असते. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून आपल्याकडं काही गोष्टी पुण्या-साताऱ्यापेक्षा वेगळ्या आहेत. इथं कुळांना हैदराबादचा १९५० चा कूळ कायदा लागतो. कुळाला मिळालेली जमीन असेल तर ती विकताना त्या कायद्याच्या अटी पाळाव्या लागतात. मदतमाश, खिदमतमाश अशा इनामांच्या जमिनीही मराठवाड्यात आहेत. ‘भोगवटादार वर्ग २’ असं दिसलं तर तिथंच थांबा. त्याचा साधा अर्थ, मालकाला ही जमीन मनानं विकता येत नाही, सरकारची परवानगी लागते.

सातबारावर फेरफार क्रमांक असतात. ते मागे मागे काढत गेलं, की जमीन कुणाकडून कुणाकडं आली ते कळतं. चालू फेरफार ‘आपली चावडी’वर दिसतात, हरकतीसाठी १५ दिवस असतात. गावठाणातलं किंवा शहरातलं घर असेल तर, नगर भूमापन झालेलं असल्यास, मालमत्ता पत्रक मागा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि नगरपरिषदेची घरपट्टीची पावती घेऊन ‘हे बघा मालकी’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. ते कर आकारणीचे कागद आहेत. कर कोण भरतो ते त्यावरून कळतं, घर कुणाचं ते नाही.

जुन्या कागदावर उस्मानाबाद आणि नव्यावर धाराशिव दिसलं तर घाबरू नका, जिल्ह्याचं नाव बदललंय. पण मालकाच्या नावात, आडनावात, गट क्रमांकात फरक दिसला तर तो आधी दुरुस्त करून घ्यायला सांगा.

हे सगळं तुम्हाला जमेल. तरीही शेवटी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्याच. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, कारण कागदावरचं क्षेत्र आणि बांधाच्या आतलं क्षेत्र सारखं असेलच असं नाही. ई-कोर्ट्सच्या साइटवर मालकाचं नाव टाकून दावा चालू आहे का ते बघा. या सगळ्याला काही हजार रुपये लागतात. काही लाख वाचवायला एवढे घालवायला हरकत नाही.

भिंतीला विचारा, तुला कुणी उभं केलं?

आता तयार घराबद्दल. तुमच्यातल्या बहुतेकांचा जन्म ३० सप्टेंबर १९९३ नंतरचा असेल. त्या पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना काय झालं, ते घरी आईवडिलांना विचारा. किल्लारीचं नाव भूकंपाला मिळालं, पण सास्तूर, माकणी ही गावंही त्याच रात्रीतली. तेव्हा ती उमरगा तालुक्यातच होती, लोहारा तालुका नंतर झाला. हजारो माणसं गेली, आणि बरीचशी गेली ती स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं वजन. उन्हाळ्यात थंडगार असणारं घर त्या काही सेकंदांत अंगावर आलं. भूकंपाच्या सरकारी नकाशात त्यावेळी हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो नंतर बदलला.

म्हणून घर बघायला गेलात की रंग आणि टाइल्स शेवटी बघा. आधी विचारा, कॉलम-बीम आहेत का? नकाशा कुणी काढला, आरसीसी डिझाइन कुणी केलं? लोडबेअरिंग असेल तर जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग काँक्रीटचे पट्टे आहेत का? आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला का, की दोन फूट खोदून उरकला? कोपऱ्यातून तिरक्या गेलेल्या भेगा दिसल्या तर त्यावर पुट्टी मारलीय का ते बोटानं घासून बघा.

कित्येक घरं मिस्त्रीनं अंदाजानं बांधलेली असतात. मिस्त्री हुशार असतात, मी त्यांच्याविरुद्ध नाही. पण खालचा मजला बांधताना वरचे दोन मजले हिशोबात धरले होते का, हे लिहून देणारा माणूस कागदावर हवा. परवाना एका मजल्याचा आणि बांधकाम तीन मजल्यांचं, असं असेल तर ते दोन मजले कागदावर नाहीतच. एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, एक दिवसाची फी द्या. टाइल्स नंतर बदलता येतात, पाया नाही.

हप्त्याचं गणित, आणि ते स्थळाचं प्रकरण

आता खिशाबद्दल. वीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत धरा. हप्ता येतो साधारण १७,३५० रुपये. वीस वर्षांत तुम्ही एकूण भरता साडेएकेचाळीस लाखांच्या वर. म्हणजे एका घराचे पैसे तुम्हाला आणि एका घराहून जास्त बँकेला. कर्ज वाईट नाही, त्याशिवाय आपल्यासारख्यांची घरं होत नाहीत. पण तरत्या व्याजाच्या गृहकर्जात वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी पैसे भरायला दंड नसतो. बोनस आला की मोबाईल बदलण्याऐवजी मुद्दल कमी करा.

बँक पूर्ण किंमत देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जात जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. उरलेले पैसे, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी तुमच्याच खिशातून जाते. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. मुद्रांक शुल्क तुमची किंमत आणि सरकारी मूल्यदर, यातलं जे जास्त असेल त्यावर लागतं. घर बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती घरावर आहे, नुसत्या प्लॉटवर नाही, आणि घेणाऱ्या सगळ्या महिलाच असाव्या लागतात. आईच्या किंवा बायकोच्या नावावर घर घेऊन पैसे वाचत असतील तर कागदावर तिचं नाव यायला याहून चांगलं निमित्त कुठलं?

‘थोडे कॅशमध्ये द्या’ असं विकणारा म्हणेल. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं जून २०१५ पासून बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवा, तुमचा तोटा बघा. खरेदीखतावर कमी किंमत लिहिली की बँक कमी कर्ज देते. उद्या सौदा मोडला तर रोख दिलेले पैसे मागायला पुरावा नाही. परवा विकायला काढलं तर तुमचा नफा फुगलेला दिसतो आणि कर तुम्हाला बसतो.

आणि आता सगळ्यात नाजूक विषय. माझ्याकडं येणाऱ्या पोरांतले बरेच जण घरात राहण्यासाठी घर घेतच नसतात. त्यांचं लग्न ठरायचं असतं. स्थळ बघायला आलेले विचारतात, ‘‘पुण्यात फ्लॅट आहे का? निदान गावाकडं प्लॉट?’’ मग घाईघाईत बाँडवरचा गुंठा घेतला जातो, बायोडाटात ‘स्वतःचा प्लॉट’ अशी ओळ टाकायला. वडिलांनी सोयाबीनचे पैसे साठवलेले असतात, आईनं गंठण मोडलेलं असतं. त्या एका ओळीसाठी एवढं घालवू नका. पगार तीस हजार आणि हप्ता सतरा हजार असेल, तर लग्नानंतरची भांडणं कशावरून होणार ते मी आजच सांगतो. भाड्यानं राहणं ही नामुष्की नाही. दोन-तीन वर्षं थांबून, कागद बघून घेतलेलं घर उशिरा झालं तरी तुमचं होतं.

विकताना घाई नको

काही जण विकायला येतात. बहिणीचं लग्न, दवाखाना, शिक्षण. गरजेचा माणूस लवकर ओळखू येतो, आणि ओळखू आला की भाव पडतो. म्हणून गरज कुणाला सांगू नका, मलाही नको. गिऱ्हाईक यायच्या आधी कागदांची फाईल तयार ठेवा. वारसनोंद, बोजा उतरल्याचा दाखला, घरपट्टी भरल्याची पावती, मोजणीचा नकाशा. ज्याची फाईल तयार असते त्याला चार दिवस थांबता येतं.

मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, एजंटच्या तर नाहीच. ‘सगळं मी बघतो, फक्त मुखत्यारपत्र करून द्या’ असं कुणी म्हणालं तर उठून बाहेर या. विसार घेतला तर विसार पावतीवर रक्कम, एकूण किंमत, मुदत आणि सौदा मोडला तर काय, हे चारही लिहा. रक्कम मोठी असेल तर साठेखत नोंदवा. घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडं असेल तर नफ्यावर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर लागतो. त्या नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सूट मिळते. सही करायच्या आधी सीएला एकदा भेटा.

आणि एजंटला काय विचाराल?

महारेरा १ मे २०१७ पासून सुरू आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर प्रकल्पाची नोंदणी लागते. प्लॉटिंगचे प्रकल्पही त्यात येतात. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. असे प्रकल्प विकणाऱ्या एजंटलाही नोंदणी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. जुनं घर, फेरविक्री यात ही सक्ती नाही. म्हणून छोट्या गावातला नोंदणी नसलेला प्रत्येक एजंट लबाड नसतो. पण तो काय विचारल्यावर चिडतो, ते बघा. ‘कागद दाखवा’ म्हटल्यावर चिडला तर चहा पिऊन निघा.

तुमच्यापैकी कुणाला या धंद्यात यायचं असेल तर जरूर या. परीक्षा द्या, सातबारा वाचायला शिका, जागेवर जाऊन उभं राहायला शिका. उमरग्यासारख्या गावांना घर दाखवणारे खूप मिळाले. घर घेऊ नका असं सांगणारे कमी आहेत.

विसार देण्याआधी सात प्रश्न

१. कुटुंबातले सगळे वारस कोण? सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदवलेली हक्कसोडपत्रं आहेत का?

२. आजच्या तारखेचा डिजिटल सातबारा किंवा मालमत्ता पत्रक मी स्वतः काढलं का?

३. ‘इतर हक्क’मध्ये बोजा, कूळ, इनाम, वर्ग २ असं काही आहे का?

४. लेआऊट आणि बांधकाम मंजूर आहे का? मंजुरीचा क्रमांक काय?

५. शोध अहवाल, जाहीर नोटीस, मोजणी झाली का?

६. घराचं डिझाइन कुणी केलं? पाया किती खोल?

७. हप्ता भरून महिन्याच्या शेवटी घरात किती उरतील?

परवा एक पोरगा वडिलांना घेऊन आला होता. गावातलंच एक घर त्यांना पसंत पडलं होतं. वडील भावावर अडून बसलेले. पोरगं फाईल मांडीवर घेऊन एकेक नाव मोठ्यानं वाचत होतं. मध्येच थांबून त्यानं विकणाऱ्याला विचारलं, ‘‘काका, तुम्हाला बहीण नाही का ओ?’’ विकणारा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘हाय की. सोलापूरला असते.’’

‘‘मग त्यांनाच फोन लावा ना आधी,’’ पोरगं म्हणालं.

त्या दिवशी सौदा झाला नाही. चहाचे पैसे मीच दिले. पुढच्या आठवड्यात बहीण सोलापूरहून येणार आहे, म्हणे. आली तर बघू.